मासा आणि माशी

मराठी व्याकरणाचा नियम सरळ धरला तर 'माशी' ही 'मासा' याची बायको ठरावी. घोडा–घोडी, मुलगा–मुलगी, तसेंच मासा–माशी! परंतु भाषा व्याकरणकारांची आज्ञा घेऊन जन्मास येत नाहीं. म्हणून एक पाण्यांत राहतो, दुसरी हवेंत उडते, आणि दोघांची गांठ पडलीच तर ती भक्षक आणि भक्ष्य या नात्यानेंच पडते. हें नातें ज्यानें प्रथम नीट न्याहाळलें आणि त्याचा उपयोग करून घेण्याचें मनांत आणलें, त्या अज्ञात माणसास आम्ही मोठा प्रतिभावान समजतों. गळाला गांडूळ लावणें कोणासहि सुचेल. त्यांत लांच आहे, कला नाहीं. पण गळावरच पिसें आणि लोकर बांधून त्याची माशी करावयाची, आणि खाण्याजोगें तिच्यांत तिळभरहि कांहीं नसतां केवळ रूपावर माशाला भुलवावयाचें, ही गोष्ट काव्याच्या फार जवळ जाते.

ही कल्पना आजकालची नव्हे. इसवी सन २०० च्या सुमारास ईलियन नांवाच्या ग्रंथकारानें प्राण्यांविषयीं ग्रीक भाषेंत एक ग्रंथ लिहिला, त्यांत मॅसिडोनियांतील आस्ट्रियस नदीवरच्या लोकांची हकीकत आहे. त्या नदींतले ठिपकेदार मासे पाण्यावर येणाऱ्या एका विशिष्ट माशीवर झडप घालीत. खरी माशी गळाला लावावी, तर माणसाचा हात लागतांच तिचा रंग जाई आणि पंख चुरगळत. तेव्हां त्या लोकांनीं गळाभोंवतीं तांबडी लोकर गुंडाळली, तिच्यावर कोंबड्याच्या हनुवटीखालचीं मेणाच्या रंगाचीं दोन पिसें बसविलीं, आणि तेवढ्यावर काम भागविलें. पुढें १४९६ सालीं छापलेल्या एका इंग्रजी निबंधांत अशा बारा माश्यांच्या कृति दिलेल्या आढळतात. तो निबंध डेम जुलियाना बर्नर्स नांवाच्या एका मठवासिनीच्या नांवावर मोडतो. आयझॅक वॉल्टनचें सुप्रसिद्ध पुस्तक निघालें १६५३ सालीं. आणि त्याचा मित्र चार्ल्स कॉटन यानें १६७६ च्या आवृत्तींत माश्यांविषयींचा आपला भाग जोडला.

वॉल्टनचा उल्लेख केल्यावर त्याच्याशीं असलेल्या आमच्या संबंधाबद्दल दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांची अवस्था मोठी गंमतीची असते. डॅफोडिल्सचीं फुलें आम्हीं वर्गांत इतक्या वेळां डोलविलीं आहेत कीं, त्यांचा कंटाळा यावा. नाइटिंगेल पक्ष्याचें कूजन आम्हीं दरसाल पावसाळ्याच्या सत्रांत ऐकविलें आहे. पण त्या फुलाला आमचा हात लागलेला नाहीं आणि तो पक्षी आमच्या कानीं पडलेला नाहीं. शब्द आमच्या जिभेवर, आणि वस्तु सात समुद्रांपलीकडे! ही तक्रार नव्हे. वस्तूवांचून शब्दावर प्रेम करणें हा आमच्यासारख्यांचा धर्मच होऊन बसला आहे, आणि त्या प्रेमानें आम्हांस पुष्कळ सुखहि दिलें आहे. परंतु पन्नाशी उलटल्यावर असें वाटूं लागलें कीं, या हजारों शब्दांपैकीं निदान एक तरी शब्द दोन बोटांत धरून पाहावा. नाइटिंगेल पुण्यांत आणतां येत नाहीं, विलायतेंतील नदीहि आणतां येत नाहीं. माशी मात्र घरीं बांधतां येते. त्यासाठीं एक लहानसा शेगडा, एक कातर, एक चिमटा, धाग्याची गुंडी आणि मेणाचा खडा एवढ्याच साहित्याची गरज असते. आमच्या मेजाच्या कडेला आतां तपासावयाच्या उत्तरपत्रिकांशेजारीं हा शेगडा कायमचा बसला आहे.

आम्ही जी माशी बांधतों, तिला इंग्रजींत 'ड्राय फ्लाय', म्हणजे कोरडी माशी, म्हणतात. पूर्वींच्या माश्या बुडत्या असत. कोरडी माशी पाण्यावर तरंगते, आणि तरंगत असतांनाच तिनें माशाला फसवावयाचें असतें. तिचा उत्कर्ष झाला तो दक्षिण इंग्लंडांत, हॅम्पशायर परगण्यांतील टेस्ट आणि इचेन या नद्यांवर. या नद्या खडूच्या डोंगरांतून निघतात. तिकडला पाऊस आपल्या सह्याद्रीवरच्या पावसासारखा धबाबा वाहून जात नाहीं. तो खडूंत मुरतो आणि झऱ्यांच्या वाटेनें सावकाश बाहेर येतो. त्यामुळें त्या नद्यांना पूर क्वचित्, गाळ त्याहून क्वचित्, आणि पाणी असें निवळ कीं तळाची पानन्‌पान वनस्पति दिसावी. माणसाला मासा दिसतो, तसाच माशाला माणूसहि दिसतो. अशा पाण्यांत ओबडधोबड फसवणूक चालत नाहीं. तेथें फसवणुकीलाहि सभ्यता लागते.

या सुधारणेंत एका गृहस्थाचा वांटा आहे, त्यांचें नांव ऐकून आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या अंगावर कांटा उभा राहील. पूर्वींच्या गळांना नेढें नसे. रेशमाच्या किड्यापासून काढलेली तात गळाच्या दांड्याला घट्ट बांधीत आणि तिच्यावरच माशी रचीत. १८७९ च्या सुमारास क्लिफ्टन कॉलेजांतील एक गणितशिक्षक, हेन्री सिंक्लेअर हॉल, यांनीं एका मित्राच्या साहाय्यानें नेढ्याचा नाजूक गळ सिद्ध केला. त्यामुळें भिजलेली माशी सोडून दुसरी कोरडी माशी बांधणें क्षणाचें काम झालें. हॉल आणि नाइट यांच्या ज्या बीजगणितानें आपल्याकडील कित्येक पिढ्यांची झोंप उडविली, त्यांतले हेच ते हॉल! माशांना आणि विद्यार्थ्यांना सारख्याच कौशल्यानें अडकविणारा असा दुसरा पुरुष इतिहासांत सांपडणें कठीण.

त्याच १८७९ सालीं विंचेस्टर येथील एका दुकानांत फ्रेडरिक हॅल्फर्ड आणि जॉर्ज सेल्विन मॅरियट यांची ओळख झाली, आणि त्या ओळखींतून १८८६ सालीं तरंगत्या माश्यांवरील हॅल्फर्डचा पहिला ग्रंथ निर्माण झाला. हॅल्फर्ड हा शास्त्रकार. नदीवर जी माशी उतरली असेल, तिचीच हुबेहुब प्रतिकृति माशापुढें मांडली पाहिजे, हा त्याचा सिद्धान्त.

ही खरी माशी म्हणजे आपल्या घरांत गुळावर बसणारी नव्हे. तिच्या जातीला ग्रीक भाषेंत 'एका दिवसाची' या अर्थाचें नांव आहे. तिचें बाळपण पाण्याखालीं, दगडांत किंवा गाळांत, कित्येक महिने आणि कांहीं जातींत दोन दोन वर्षें चालतें. मग एके दिवशीं ती पृष्ठभागावर येते, कवच फोडते, आणि पंख वाळेपर्यंत शिडाच्या होडीसारखी पाण्यावर वाहत जाते. नेमकी हीच तिची घातवेळ. मासा खालून येतो आणि एक वर्तुळ उमटतें. त्यांतून वांचली तर ती झाडीवर जाऊन पुन्हां एकदां कात टाकते. पंख फुटल्यावरहि कात टाकणारा कीटकांचा वर्ग हा एकटाच. यानंतर तिला खाण्यापिण्याची यातायात नसते, कारण कामापुरतें तोंडच तिला नसतें. हवेंत विवाह, पाण्यावर अंडीं, आणि मृत्यु. दोन वर्षांची तयारी आणि एका संध्याकाळचा संसार! ज्या क्षणीं ती पंख उभे करून पाण्यावर वाहत असते, तो क्षण पिसांत पकडावयाचा, हें माशी बांधणाराचें काम.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. आम्ही बहुधा चौदा क्रमांकाचा गळ घेतों. गळाच्या बाबतींत क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान असतो. हा क्रम परीक्षेंतील क्रमांकांसारखा आहे असें म्हणतां येईल. चौदा क्रमांकाचा गळ करंगळीच्या नखावर सहज मावतो. त्याचा वांक शेगड्यांत पकडावा, दांडा आडवा राहूं द्यावा, आणि मेण लावलेला धागा दांड्यावर गुंडाळण्यास आरंभ करावा. प्रथम पंख. चितकबऱ्या कोंबड्याच्या मानेवरील दोन पिसांचीं टोंकें उभीं बांधावयाचीं आणि त्यांच्यामधून आठाच्या इंग्रजी आंकड्यासारखे फेरे देऊन तीं एकमेकांपासून फांकवावयाचीं. मग शेपूट. तांबूस आणि चितकबऱ्या पिसांचे थोडे केस एकत्र करून, दांड्याच्या लांबीइतके मागें काढावयाचे. नंतर अंग, आणि अंगाला लव पाहिजे. पुस्तकांत मस्करॅट नांवाच्या अमेरिकन पाणउंदराची करडी लव सांगितली आहे. ती येथें कोठून मिळणार? आमच्या घरीं एक करडी मांजर आहे. तिला विंचरून निघालेली लव आम्ही वापरतों. आपल्या लोकरीचा हा व्यापार तिला पसंत आहे कीं नाहीं, तें तिनें अद्याप सांगितलेलें नाहीं.

पिसांचा प्रश्न मात्र इतक्या सहजासहजीं सुटला नाहीं. कोंकणांतील एका स्नेह्यानें देशी कोंबड्याच्या मानेवरचीं पिसें कागदांत बांधून पाठविलीं, तें पुडकें नेमकें आषाढी एकादशीच्या दिवशीं घरांत उघडलें गेलें.

"अहो, चातुर्मासांत या घरांत लसूण येत नाहीं, आणि मेजावर कोंबड्याची मान?"

"मान नव्हे, मानेवरचीं पिसें," आम्हीं भेद स्पष्ट केला.

"पिसें काय आणि मान काय! आणि मासे तरी कुठे आहेत? मासे नाहींत, तर माश्या कशाला?"

या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर त्या वेळीं आमच्यापाशीं नव्हतें. तडजोड अशी झाली कीं, पिसांसाठीं बिस्किटांचा एक जुना डबा स्वतंत्र मिळाला, कसर लागूं नये म्हणून त्यांत डांबराच्या गोळ्या पडल्या, आणि डब्याला स्वयंपाकघराची सरहद्द ओलांडण्यास कायमची बंदी झाली.

परंतु खरी गंमत पुढेंच झाली. लव धाग्यावर चढविण्याची कृति अशी: चिमूटभर लव पिंजून धाग्याला लावावयाची, आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्यें एकाच दिशेनें वळावयाची, म्हणजे धाग्याभोंवतीं तिचा निमुळता पीळ बसतो. इंग्रजी पुस्तकांत यावर पानेंच्या पानें खर्चीं पडलीं आहेत. एके रात्रीं आमची मेहनत बाजूस उभें राहून पाहून झाल्यावर घरच्या मंडळींनीं एवढेंच म्हटलें, "ही तर वात!" आणि धागा हातीं घेऊन असा सुबक पीळ घातला कीं, हॅल्फर्डनें टोपी काढावी. ज्या बोटांनीं देवापुढें वर्षानुवर्षें वाती वळल्या, त्यांना ही विद्या शिकावी लागली नाहीं. विलायतेच्या नदीकांठची एक कला आणि आपल्या देवघरांतली एक कला अंगठ्याच्या एकाच हालचालीवर उभ्या आहेत, हें कोणत्याहि ग्रंथानें आम्हांस शिकविलें नसतें. तेव्हांपासून आमच्या माश्यांचें अंग घरांतील दुसऱ्या बोटांनीं होतें आणि बाकीचें आमच्या.

राहतां राहिलें मानेचें पीस, आणि सगळा जीव त्यांतच आहे. पंखांच्या मागेंपुढें दोन पिसें आडवीं गुंडाळलीं म्हणजे त्यांचे केस चाकाच्या आऱ्यांसारखे चोहोंकडे उभे राहतात. या केसांच्या टोंकांवर माशी पाण्याच्या ताणलेल्या पापुद्र्यावर उभी राहते. ती हलकी असते म्हणून नव्हे, तर तिचा भार अनेक टोंकांवर वांटला जातो म्हणून तरंगते. यासाठीं केस ताठ आणि चकचकीत हवे. ते कोंबड्याचेच असतात. कोंबडीचें पीस मऊ असतें, तें पाणी पितें आणि बुडतें. केसांची लांबी गळाच्या तोंडाच्या दीडपट असावी. शेवटीं नेढ्यामागें धाग्याचें लहानसें डोकें करावयाचें, फेऱ्यांखालींच गांठ लपवावयाची, आणि रोगणाचा एक थेंब. नवशिक्या बहुधा अंगाला आणि पंखांना इतकी जागा देतो कीं, डोक्याला जागाच उरत नाहीं. आमच्या पाहण्यांत आलेले बरेचसे निबंधहि याच रोगानें गेले आहेत.

या माशीचें नांव 'ॲडम्स'. १९२२ सालीं अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत लेनर्ड हॅलडे यानें ती प्रथम बांधली, आणि ओहायोंतील ॲडम्स नांवाच्या एका वकिलानें ती प्रथम नदीवर नेली, म्हणून तिला त्याचें नांव पडलें. तिचें वैशिष्ट्य असें कीं, ती कोणत्याहि एका खऱ्या माशीसारखी नाहीं. ती केवळ 'माशीसारखी' आहे. हॅल्फर्डला हें रुचलें नसतें. १९१० सालच्या ग्रंथांत त्यानें ३३ माश्यांच्या कृति दिल्या, त्यांत रंगांची छटान्‌छटा निश्चित केली होती. गंमत अशी कीं, त्याच १९१० सालीं स्क्यूज नांवाच्या एका वकिलानें, मासा पाण्याखालच्या अर्धवट वाढलेल्या किड्यांवरहि तितक्याच आवडीनें जगतो, तेव्हां बुडत्या माशीला बंदी कशासाठीं, असा प्रश्न आपल्या पुस्तकांत विचारला. हा वाद इतका चिघळला कीं, १९३८ सालीं लंडनच्या एका मासेमारी-मंडळांत त्यावर रीतसर सभा भरवावी लागली. धर्मग्रंथांवर पंथ पडतात तसे माशीवरहि पडतात.

आम्हांस या वादांत ओळखीचें असें कांहीं दिसलें. कलेनें वस्तूची हुबेहुब नक्कल करावी कीं केवळ भास निर्माण करावा, हा तोच जुना वाद. शंकुक नांवाच्या आपल्या प्राचीन आलंकारिकानें चित्रांतल्या घोड्याचा दृष्टान्त दिला आहे. चित्र पाहतांना 'हा घोडाच' असें खरें ज्ञान नसतें, 'हा घोडा नव्हे' असेंहि नसतें, संशय नसतो, केवळ सादृश्याचें भानहि नसतें. या सर्वांहून निराळी एक प्रतीति असते, आणि रस त्या प्रतीतींतून येतो. माशाला काय प्रतीति येते, तें तोच जाणे. पण त्याच्या डोळ्यांची रचना पाहतां शंकुकाकडे त्याचा कल असावा. पाण्याखालून वर पाहतांना डोक्यावरच्या एका गोल खिडकींतूनच त्याला बाहेरचें जग दिसतें. त्या वर्तुळाबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा असतो. दुरून वाहत येणारी माशी त्याला आधीं दिसतच नाहीं. तिच्या पायांनीं आरशाला पडलेल्या खळग्यांचे फक्त प्रकाशाचे ठिपके दिसतात. पिसाच्या केसांचीं टोंकें तसेच ठिपके पाडतात. बाकीची माशी त्यानें स्वतःच्या अपेक्षेनें पुरी करावयाची. रसिक वाचक याहून निराळें काय करतो?

आमच्या माश्यांची परीक्षा बरेच दिवस घरच्या परातींतच होत असे. गेल्या वर्षीं विंचेस्टरजवळ नोकरीस असलेला आमचा एक जुना विद्यार्थी सुटीवर आला होता, तो जातांना एक डझन माश्या घेऊन गेला. जूनच्या एका संध्याकाळीं इचेन नदीवर त्यानें त्या वापरल्या. त्याचें पत्र आमच्याजवळ आहे. चार सुबक माश्या एका ट्राउट माशानें जवळ येऊन पाहिल्या आणि सभ्यपणें नाकारल्या. पांचवीचें एक पीस काट्याकुट्यांत अडकून विसकटलें होतें, ती त्यानें घेतली. विद्यार्थ्यानें त्याला पाण्यांतच गळावरून सोडविलें. तो क्षणभर त्याच्या तळहातावर थांबला आणि निघून गेला. पत्राच्या शेवटीं मात्र एक वाक्य होतें: तेथील म्हातारे लोक सांगतात त्या मानानें संध्याकाळच्या माश्या आतां फारच थोड्या दिसतात.

हें वाक्य आमच्या मनांतून जात नाहीं. खडूंतून वाहणाऱ्या अशा नद्या सबंध जगांत कांहीं शेंच आहेत, आणि त्यांपैकीं बहुतेक इंग्लंडांत. शहरांच्या नळांसाठीं त्यांचे झरे उपसले जातात, शेतांतलीं खतें आणि गांवांचें मैलापाणी त्यांत उतरतें, आणि ज्या किड्यांना दोन दोन वर्षें निर्मळ तळ लागतो त्यांची संख्या घटत जाते. मुळा-मुठेच्या कांठीं राहणाराला या बाबतींत इंग्रजांस नांवें ठेवण्याचा अधिकार नाहीं. आमच्या मनांत येतें तें एवढेंच, कीं नक्कल डब्यांत सुखरूप राहील आणि अस्सल नाहींसें होईल, असा दिवस आला तर? शब्द जिभेवर राहून वस्तु हरवण्याची संवय आम्हांस आहे. पण आमच्यापासून ती नुसती दूर होती. ती कोणाचीच उरली नाहीं तर शब्दांत आणि पिसांत काय राहिलें?

आणि सात समुद्रांपलीकडची म्हणून जी कला आम्ही समजत होतों, तिचा एक धागा आमच्याच डोंगरांत निघाला. सॅमन माशासाठीं ज्या शोभिवंत माश्या विलायतेंत बांधतात, त्यांच्या दोहों बाजूंस 'जंगल कॉक' नांवाचें एक पीस लागतें. त्यावर लाखेच्या टिकलीसारखा पिवळसर-पांढरा चकचकीत ठिपका असतो. हा 'जंगल कॉक' म्हणजे आपल्या सह्याद्रींत पहांटे आरवणारा करडा रानकोंबडा! आमच्या इकडले पदवीधर तिकडच्या नद्यांवरील निबंध पाठ करीत असतां इकडच्या घाटांतल्या पक्ष्याच्या मानेचीं पिसें स्कॉटलंडच्या नद्यांवर तरंगत होतीं. वन्यजीवांना संरक्षण देणारा १९७२ सालचा कायदा आतां या पक्ष्याच्या पाठीशीं आहे, आणि आमच्या डब्यांत त्याचें पीस नाहीं, नसावेंच. सौंदर्याचा मोह माणसास कोठवर नेतो, याचें उदाहरण ताजें आहे. २००९ सालीं इंग्लंडांतील ट्रिंग येथील संग्रहालयांतून २९९ पक्ष्यांचीं कातडीं चोरीस गेलीं. त्यांतलीं कांहीं स्वतः वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञानें जमविलेलीं होतीं. चोर निघाला वेणु वाजविणारा एक तरुण विद्यार्थी, आणि चोरीचें कारण सॅमनच्या माश्या! ज्या माश्या बहुधा कधींहि पाण्यांत पडावयाच्या नसतात, त्यांच्यासाठीं.

म्हणून आम्ही आपल्या साध्या करड्या माशीवर संतुष्ट आहों. मांजराची लव, पाळलेल्या कोंबड्याचें पीस, आणि देवघरांतली विद्या. यांत कोणाचें कांहीं हिरावून घेतलेलें नाहीं. 'मासे नाहींत, तर माश्या कशाला?' या प्रश्नाला आतां आमच्याजवळ एक उत्तर आहे. तीस वर्षें जो शब्द आम्ही फळ्यावर लिहीत आलों, तो एवढासा, दोन बोटांत मावणारा, हलका आणि टोंकदार आहे, हें आमच्या बोटांस ठाऊक झालें आहे. आणि त्या शब्दामागें जें प्राणी एका संध्याकाळपुरतें जगतें, तें तेथें कोठें तरी अजून जगत असावें, अशी इच्छा आम्हांस प्रथमच खरोखर झाली आहे.